गिटार न वाजवणारा गिटारवाला : लिओ फेंडर

स्मरणिकेसाठी लेख द्या असं संपादक मंडळाने कळवलं तेव्हा मी बँकेतल्या आठवणी लिहीन अशीच बहुतेकांची समजूत झाली असणार. बँकेच्या आठवणी बँकवाल्यांनाच सांगाव्यात, इतरांना त्यात काय गोडी? पण ज्याच्याविषयी आज लिहितो आहे तोही मुळात आमच्याच जातकुळीतला, हिशेब शिकलेला माणूस होता. त्याचं पूर्ण नाव क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर. जग त्याला लिओ फेंडर म्हणून ओळखतं. आपल्या सोसायटीतली जी मुलं गिटारच्या क्लासला जातात त्यांच्यापुढे फेंडर हा शब्द नुसता उच्चारून बघा, त्यांचे डोळे चमकतील. मात्र ते आधी एका माणसाचं आडनाव होतं आणि कंपनीचं नाव नंतर झालं, हे त्यांच्याही पटकन लक्षात येत नाही. आणि त्या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती, नुसती सुरात लावतासुद्धा येत नव्हती, हे सांगितलं तर विश्वास बसत नाही. लहानपणी त्याने पियानोचे धडे घेतले, काही दिवस सॅक्सोफोन फुंकला. त्यापलीकडे वाद्य हातात धरलं ते उघडून बघण्यासाठी नाहीतर दुरुस्तीसाठीच.

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळ अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टन अशी दोन गावं शेजारीशेजारी आहेत. अ‍ॅनाहाइम म्हणजे पुढे जिथे डिस्नेलँड झालं तेच. आपल्यापैकी ज्यांची मुलं तिकडे आहेत ते ते बघूनही आले आहेत. त्या काळी मात्र तिथे मैलोन्मैल संत्र्यांच्या बागा होत्या. जिल्ह्याचं नावच ऑरेंज काउंटी. लिओच्या आईवडिलांचीही संत्र्याची बाग होती. (आपल्या बी विंगमधल्या नागपूरकर मंडळींना हे वाचून बरं वाटेल.) लिओ आठ वर्षांचा असताना डाव्या डोळ्यात गाठ झाली आणि तो डोळा काढावा लागला. पुढे जन्मभर काचेचा डोळा बसवूनच तो वावरला. त्या एका डोळ्यामुळे दुसऱ्या महायुद्धात त्याची सैन्यात भरती झाली नाही. तो सैन्यात गेला असता तर पुढचं काय काय घडलं असतं नि काय नसतं, कोण सांगणार.

तेरा-चौदा वर्षांचा असताना त्याला नाद लागला तो रेडिओचा. त्याचा एक मामा सांता मारिया नावाच्या गावात मोटारगाड्यांच्या विजेच्या कामाचं दुकान चालवायचा. मामाने भाच्याला एक खोकंभर जुने सुटे भाग पाठवले. नंतर लिओ मामाकडे गेला तेव्हा दुकानाच्या दर्शनी भागात मामाने सुट्या भागांतून स्वतः जोडलेला रेडिओ ठेवला होता आणि त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. त्या आवाजाचा पोरावर जो परिणाम झाला तो शेवटपर्यंत उतरला नाही. शाळेत असतानाच तो घरच्या घरी लोकांचे रेडिओ दुरुस्त करू लागला.

एवढी आवड असताना त्याने शिक्षण घेतलं ते मात्र हिशेबाचं. १९२८ मध्ये शाळा संपली आणि फुलर्टनच्या ज्युनियर कॉलेजात अकाउंटिंग घेतलं. विजेचं किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं रीतसर शिक्षण त्याने कधीच घेतलं नाही. पोटापाण्याची विद्या वेगळी आणि हाताची आवड वेगळी, हे आपल्या पिढीला समजावून सांगण्याची गरज नाही. कॉलेजनंतर तो अ‍ॅनाहाइममध्ये बर्फाच्या कारखान्यात कामाला लागला, आधी माल पोचवायला आणि मग वह्या लिहायला. त्याच सुमारास तिथल्या एका बँडवाल्याने त्याच्याकडून नाचाच्या कार्यक्रमांसाठी लाउडस्पीकरचे संच बनवून घेतले. लिओने असे सहा संच बनवून दिले.

१९३४ मध्ये एस्थर क्लोस्कीशी त्याचं लग्न झालं. तेव्हा अमेरिकेत महामंदी चालू होती. बँका बुडत होत्या, कारखाने बंद पडत होते. लिओला रस्ते खात्यात हिशेबनिसाची नोकरी होती, ती जागाच रद्द झाली. मग एका टायर कंपनीच्या हिशेब खात्यात लागला. सहा महिन्यांत तिथूनही सगळ्याच हिशेबनिसांना काढलं, त्यात हाही गेला. मुलंबाळं नव्हती, पण घर तर चालवायचं होतं. शेवटी १९३८ मध्ये सहाशे डॉलर उसने घेऊन नवराबायको फुलर्टनला परत आले आणि लिओने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. फेंडर रेडिओ सर्व्हिस. दोनदा नोकरी गेलेला माणूस, तारण काही नाही, धंद्याचा अनुभव नाही. आमच्या शाखेत असा अर्ज आला असता तर मॅनेजरसाहेबांनी चहा पाजून वाटेला लावला असता, हे मी खात्रीने सांगतो.

दुकानात रेडिओ दुरुस्ती चाले, रेकॉर्डी विकल्या जात, लाउडस्पीकर भाड्याने दिले जात. त्यामुळे आसपासच्या वाजवणाऱ्या मंडळींची वर्दळ सुरू झाली. हे लोक बहुतेक कंट्री संगीतवाले, म्हणजे तिकडच्या गुराख्यांच्या मुलखातलं लोकसंगीत वाजवणारे. बरेच जण हवाईयन गिटारवाले, जी आडवी मांडीवर ठेवून लोखंडी कांडी तारांवर सरकवत वाजवतात ती. आपल्याकडेही ती पूर्वी बरीच लोकप्रिय होती. या सगळ्यांची तक्रार एकच. बँडमध्ये ट्रंपेट आणि ड्रम सुरू झाले की गिटार कोणाला ऐकूच जात नाही.

इथे थोडं तांत्रिक सांगायला हवं, त्याशिवाय लिओने काय केलं ते कळणार नाही. साध्या गिटारला पोकळ पेटी असते. तार थरथरली की पेटीचं लाकूड थरथरतं आणि आवाज मोठा होतो. पण त्याला मर्यादा आहे. त्यावर उपाय म्हणून तारांखाली पिकअप बसवण्याची युक्ती १९३० च्या सुमारास निघालेलीच होती. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते आणि ती अँप्लिफायरने मोठी करून स्पीकरला द्यायची. सायकलच्या डायनामोचंच तत्त्व म्हणा ना. अडचण अशी की पिकअप पोकळ गिटारवर बसवला आणि आवाज वाढवला, तर स्पीकरच्या आवाजाने पेटीच थरथरू लागते, तो आवाज पुन्हा पिकअपमध्ये शिरतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. आपल्या सभागृहात वार्षिक सभेच्या वेळी माइक स्पीकरसमोर धरला की होतं तेच.

लिओच्या डोक्यात आलं की वीजच आवाज मोठा करणार असेल तर मग पेटी हवीच कशाला? भरीव लाकडाची फळी घ्या, तिच्यावर पिकअप बसवा. ही कल्पना त्याला एकट्यालाच सुचली असं मात्र म्हणता येणार नाही. हवाईयन गिटार भरीव असायच्याच, आणि पॉल बिग्सबी नावाच्या कारागिराने १९४८ मध्ये मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी एक भरीव गिटार हाताने घडवून दिली होती. पण एक नग घडवणं वेगळं आणि कोणालाही परवडेल, कोणालाही दुरुस्त करता येईल अशी वस्तू कारखान्यात काढणं वेगळं. लिओचं मोठेपण या दुसऱ्या गोष्टीत आहे.

युद्धाच्या काळात त्याने डॉक कॉफमन नावाच्या हवाईयन गिटारवाल्याशी भागीदारी केली. दोघांच्या आडनावांवरून के अँड एफ. हवाईयन गिटार आणि सोबत छोटा अँप्लिफायर, असा जोड त्यांनी १९४५ मध्ये विकायला काढला. धंदा वाढवायचा तर कर्ज काढावं लागणार हे दिसल्यावर कॉफमन घाबरला. मंदीचे दिवस तो विसरला नव्हता. १९४६ मध्ये तो बाजूला झाला. मैत्री मात्र टिकली. त्याला भित्रा म्हणायला माझं मन घेत नाही. ज्याने बँका बुडताना पाहिल्या त्याने कर्जाला भ्यावं हे साहजिकच आहे. मंदी लिओनेही पाहिली होती, नोकऱ्या त्याच्या गेल्या होत्या, तरी तो पुढे गेला. त्याने फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी काढली आणि फुलर्टनमध्ये दोन पत्र्याच्या शेड उभ्या केल्या. त्या शेडना संडास नव्हता. कामगारांना रूळ ओलांडून रेल्वे स्टेशनवर जावं लागे! जगप्रसिद्ध कंपनीची सुरुवात ही अशी.

१९४८ मध्ये जॉर्ज फुलर्टन हा तरुण कामाला आला. (गावाचं आणि त्याचं नाव एकच हा योगायोग.) विक्रीची बाजू डॉन रँडल या हुशार माणसाकडे होती. लिओ आणि जॉर्ज दोघांनी मिळून जी फळीची गिटार तयार केली ती १९५० मध्ये बाजारात आली. जुन्या कारागिरांच्या गिटारींमध्ये मान पेटीला सरसाने कायमची चिकटवलेली असते. मान वाकली की गिटार कारागिराकडे न्यायची आणि महिनाभर वाट बघायची. लिओने मान चार स्क्रूंनी बसवली. खराब झाली तर चार स्क्रू काढा, दुसरी मान लावा, संध्याकाळच्या कार्यक्रमाला हजर व्हा. गिटार घडवणाऱ्यांना हे पाप वाटलं असेल, पण लिओने आयुष्याची दहा वर्षं दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू उघडून दुरुस्त करण्यात घालवली होती. उघडायला अवघड अशी वस्तू बनवणाऱ्याविषयी मेकॅनिकला काय वाटतं ते कोणत्याही टीव्ही दुरुस्तीवाल्याला विचारा.

तारांच्या ताणाने मान वाकू नये म्हणून आत लोखंडी सळई घालतात. लिओचं म्हणणं पडलं की मेपलचं लाकूड इतकं टणक आहे की सळईची गरजच नाही. रँडल ऐकेना. बाजारात नाव खराब होईल, विकणारा मी आहे, असा त्याचा हट्ट. शेवटी लिओने माघार घेतली आणि सळई घातली. रँडलचंच बरोबर होतं. लिओचा हट्टीपणा हा त्याच्या चरित्रात पुढेही दिसतो, पण पटलं की तो बदलत असे, हेही तितकंच खरं.

दोन पिकअपवाल्या गिटारचं नाव ठेवलं ब्रॉडकास्टर. लगेच ग्रेट्श या जुन्या कंपनीकडून निरोप आला की हे नाव आम्ही आमच्या ड्रमसाठी वापरतो. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक होता, पण लिओने वाद घातला नाही. छापलेल्या नावपट्ट्यांवरचा ब्रॉडकास्टर एवढा भाग कापून टाकला आणि नुसतं फेंडर ठेवून माल पाठवत राहिले. वाया काही घालवायचं नाही! त्या काही महिन्यांतल्या बिननावाच्या गिटारी आज संग्राहक वाटेल ती किंमत देऊन घेतात. १९५१ मध्ये नवं नाव ठरलं, टेलिकास्टर. टेलिव्हिजन तेव्हा नवा होता, त्यावरून. नावांच्या या भानगडीचा पुढचा अंक ३४ वर्षांनी झाला, तो पुढे येईलच.

प्रतिस्पर्ध्यांनी या गिटारला होडीचं वल्हं म्हणून हिणवलं. वर्ष-दोन वर्षांत त्यांच्यातल्या सर्वात मोठ्या कंपनीने, गिब्सनने, स्वतःची भरीव गिटार काढली, यातच काय ते समजा.

१९५१ मध्येच लिओने आणखी एक गोष्ट केली आणि माझ्या मते ती टेलिकास्टरपेक्षाही मोठी आहे. बँडमध्ये खर्जाचे सूर देणारं वाद्य म्हणजे डबल बास, माणसापेक्षा उंच, व्हायोलिनचा थोरला भाऊ. गाडीच्या टपावर बांधून न्यायचा, उभं राहून वाजवायचा, आणि तरी ऐकू येत नाही. त्यावर सुरांच्या पट्ट्या नसतात, त्यामुळे बोट नेमकं पडायला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. लिओने गळ्यात अडकवण्यासारखी बास गिटार केली आणि तिच्या मानेवर पट्ट्या बसवल्या. पट्टीमागे बोट ठेवलं की सूर नेमका लागणारच, म्हणून नाव प्रिसिजन बास. त्यानंतरच्या नाचगाण्याच्या संगीताचा पायाच या वाद्याने बदलला. सिनेमाचं गाणं ऐकताना छातीत जी धडधड जाणवते ती याच वाद्याची वंशावळ.

लिओ रात्री-बेरात्री नाचाच्या हॉलमध्ये जायचा, पण संगीत ऐकायला नाही. आपला अँप कसा चाललाय, कुठे तापतोय, काय तुटतंय ते बघायला. कार्यक्रम चालू असताना स्टेजवर चढून बटणं फिरवून बघायचा. वाजवणाऱ्यांना नवा नमुना फुकट द्यायचा आणि म्हणायचा, काय बिघडतं ते येऊन सांगा. स्वतःला वाजवता येत नसल्यामुळे त्याला दुसऱ्यांचं ऐकावंच लागे. बिल कार्सन हा वादक नवनव्या सूचना घेऊन यायचा. फ्रेडी तावारेस हा मूळचा हवाईचा, उत्तम वाजवणारा आणि आकृती काढण्यात पटाईत, तो १९५३ मध्ये कंपनीत आला. टेलिकास्टरच्या फळीच्या कडा छातीत टोचतात अशी वादकांची तक्रार होती. मग नव्या गिटारची फळी पाठीमागून आणि हात टेकतो तिथून तासून गोलसर केली. वर दोन शिंगं, तीन पिकअप, आणि एक दांडी जी दाबली की सगळ्या तारा सैल होऊन सूर खाली लहरतो आणि सोडली की जागेवर येतो. १९५४ ची ही स्ट्रॅटोकास्टर. कोणालाही इलेक्ट्रिक गिटारचं चित्र काढायला सांगितलं तर तो बहुधा हीच काढेल. गेल्या सत्तर वर्षांत तिच्या आकारात सुधारणा करण्यासारखं फारसं कोणाला सापडलेलं नाही.

गंमत अशी की लिओला स्वतःला कंट्री आणि हवाईयन संगीत आवडे. ती दांडी त्याने हवाईयन गिटारसारखा हळुवार हेलकावा यावा म्हणून केली होती. १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या मैदानात जिमी हेंड्रिक्सने त्याच दांडीने अमेरिकेच्या राष्ट्रगीतातून बॉम्ब पडल्याचे आवाज काढले. बनवणारा काय मनात धरून बनवतो आणि वापरणारा काय करतो, याचं हे एक उदाहरण.

डिक डेलची गोष्ट राहिली. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर सर्फिंग करणाऱ्या पोरांपुढे हा डावखुरा वादक इतक्या जोरात वाजवायचा की लिओने दिलेले अँप एकामागून एक जळायचे, स्पीकर फाटायचे. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बाबा, आवाज कमी ठेव. लिओने प्रत्येक वेळी जळका अँप उघडून काय गेलं ते बघितलं आणि अधिक ताकदीचा बनवला. शेवटी लिओ आणि तावारेस स्वतः त्याच्या कार्यक्रमाला गर्दीत जाऊन उभे राहिले, तेव्हा त्यांना कळलं की हजारो माणसांच्या अंगात आवाज शोषला जातो, कारखान्यातल्या टेबलावर त्याचा अंदाज येत नाही. त्यातून शोमन हा दांडगा अँप तयार झाला.

आपल्याकडे इलेक्ट्रिक गिटार रुजली ती प्रामुख्याने मुंबईच्या सिनेसंगीतातून. जुन्या मंडळींना व्हॅन शिपली यांच्या गिटारवरच्या फिल्मी धुनांच्या रेकॉर्डी आठवत असतील. आणि १९७१ च्या दम मारो दम या गाण्याच्या सुरुवातीची ती गिटार भूपिंदर सिंग यांची, हो, तेच गझल गाणारे भूपिंदर. आपल्या उत्सवातल्या ऑर्केस्ट्रात आजही जी गिटार दिसते तिचा आकार बघा, दोन शिंगं असतील. स्वस्तातली नक्कल का असेना, मूळ नकाशा फुलर्टनचा.

आता त्या विषयाकडे येतो ज्यासाठी मला हे चरित्र लिहावंसं वाटलं.

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून लिओला सायनसचा जंतुसंसर्ग जडला होता. औषधं झाली, तो जाईना. वर्षामागून वर्षं गेली. तब्येत ढासळत गेली आणि १९६४ च्या सुमारास आपण आता फार दिवस काढत नाही असं त्याच्या मनाने घेतलं. आवराआवर करायला हवी. त्याने कंपनी विकायची ठरवली आणि आधी रँडललाच विचारलं, पंधरा लाख डॉलरमध्ये तूच घे. रँडल प्रामाणिक माणूस. त्याला ठाऊक होतं की कंपनीची किंमत याच्या कितीतरी पट आहे. तो गिऱ्हाईक शोधायला निघाला आणि जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रचंड रेडिओ-टीव्ही कंपनीने फेंडर विकत घेतली, एक कोटी तीस लाख डॉलरला. आदल्याच वर्षी सीबीएसने न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉलच्या नामांकित संघाचा ८० टक्के हिस्सा घेतला होता, त्याला याहून कमी पैसे पडले होते. हिशेब शिकलेल्या माणसाने स्वतःच्या धंद्याची किंमत नवव्या हिश्श्यापेक्षा थोडी जास्त, एवढीच धरली होती. आजारी माणसाच्या मूल्यांकनावर विसंबू नये हे मी नोकरीत असताना अनेक घरांत पाहिलं आहे. रँडलसारखा माणूस जवळ असणं हे मात्र नशिबाचं.

विक्रीच्या करारात अट होती की लिओने दहा वर्षं या धंद्यात सीबीएसशी स्पर्धा करायची नाही. मरायला टेकलेल्या माणसाला त्या अटीचं काय? त्याने सही केली. कारखाना, पेटंटं, यंत्रं आणि त्याबरोबर फेंडर हे नाव, सगळं गेलं.

आणि मग काही वर्षांनी लिओने डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरने जंतुनाशकाचा जबरदस्त मोठा डोस दिला आणि तो दुखणाईत माणूस खडखडीत बरा झाला.

हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. साठीच्या उंबरठ्यावरचा, धट्टाकट्टा झालेला माणूस, बँकेत पैसा भरपूर, आणि जे एकच काम त्याला मनापासून येत होतं ते करायला कराराने बंदी. दुसरा असता तर जगप्रवासाला गेला असता. लिओला नौकेची हौस होती, पण तिच्यावर माणूस रोज किती वेळ काढणार? सीबीएसने त्याला नावापुरता सल्लागार ठेवलं होतं. तिकडे हिशेब बघणाऱ्या साहेबांनी खर्चात कपात सुरू केली आणि मालाचा दर्जा घसरत गेला. लिओचा जुना कारखाना सांभाळणारा फॉरेस्ट व्हाइट, नव्या ट्रान्झिस्टरच्या अँपचा दर्जा पटत नाही म्हणून १९६६ मध्ये नोकरी सोडून गेला. आजही जुन्या बाजारात सीबीएसच्या आधीची फेंडर आणि नंतरची फेंडर असे दोन वेगळे भाव आहेत. नाव तेच, पट्टी तीच.

फॉरेस्ट व्हाइट आणि टॉम वॉकर यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नवी कंपनी काढली, तिचं नाव पुढे म्युझिक मॅन झालं. लिओने तिला पैसा पुरवला, पण मुदत संपेपर्यंत नाव पडद्याआड. १९७५ मध्ये दहा वर्षं पुरी झाली आणि तो उघडपणे अध्यक्ष झाला. दुसऱ्याच वर्षी त्यांची स्टिंगरे बास आली, जिच्या पोटातच बॅटरीवर चालणारं छोटं सर्किट होतं. माल चांगला होता, पण बनवणारी कंपनी लिओची आणि विकणारी म्युझिक मॅन, अशी दोन घरं होती. मतभेद वाढले, ऑर्डरी रोडावल्या आणि तेही तुटलं.

१९७९ साल लिओला जड गेलं. त्याच वर्षी एस्थर कर्करोगाने वारली. सहाशे डॉलर उसने घेऊन फुलर्टनला परत येण्याच्या दिवसापासूनची सोबत. मूलबाळ नव्हतंच. वय सत्तर. त्याच वर्षी त्याने जॉर्ज फुलर्टनला बरोबर घेऊन तिसरी कंपनी काढली. जॉर्ज आणि लिओ, म्हणून जी अँड एल. विक्रीला डेल हायट, म्हणजे रेडिओच्या दुकानातला लिओचा जुना माणूस. पुढच्या वर्षी फिलिस या बाईंशी त्याने दुसरं लग्न केलं. त्याच्यानंतरही अनेक वर्षं त्या कंपनीच्या मानद अध्यक्षा होत्या.

जी अँड एल हा काही मोठा कारखाना नव्हता. आज ज्याला बुटीक म्हणतात तसा, थोडका माल काढणारा, दर्दी गिऱ्हाइकांसाठीचा. स्वतःचं आडनाव लिओला आता ब्रँड म्हणून वापरता येत नव्हतं, ते विकून झालं होतं. तरी पत्ता मात्र फुलर्टनमधल्या फेंडर अ‍ॅव्हेन्यूचा, कारण ती औद्योगिक जमीन त्याची आणि रस्त्याला नाव त्याचं! तिथे तो रोज सकाळी येऊन बसे. जुन्या पिकअपचे दोष त्याला वीस वर्षं खुपत होते. नव्या पिकअपमध्ये त्याने सिरॅमिक चुंबक वापरून प्रत्येक तारेखालचा लोखंडी खांब स्क्रूसारखा वरखाली करता येईल असा केला. स्ट्रॅटोकास्टरची ती सूर लहरवणारी दांडी पूर्वी सहा स्क्रूंवर झुलायची आणि वारंवार वापरली की गिटार बेसूर व्हायची. आता त्याने ती दोनच टेकूंवर तोलली. जगाला टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर जशाच्या तशा हव्या होत्या. त्याला स्वतःला मात्र त्या कच्च्या मसुद्यासारख्या वाटत, आणि आत्ता करतो आहे तेच आपलं चांगलं काम आहे असं त्याचं ठाम मत होतं. गिऱ्हाइकांना ते पुरतं पटलं नाही. त्यांना पन्नासच्या दशकातला लिओ हवा होता आणि हा तर ऐंशीच्या दशकातला समोर जिवंत बसला होता.

नावाच्या भानगडीचा दुसरा अंक इथे आला. १९८५ मध्ये जी अँड एलने टेलिकास्टरच्या घाटाची एक गिटार काढली आणि लिओने तिला आपल्या पहिल्या गिटारचं नाव दिलं, ब्रॉडकास्टर. हरकत आली. या वेळी ग्रेट्शची नाही, फेंडर कंपनीची. त्याच वर्षी सीबीएसने कंट्रोल सोडून फेंडर कंपनी तिथल्याच अधिकाऱ्यांच्या गटाला विकली होती आणि नवे मालक नाव सांभाळायला जागरूक होते. लिओ फेंडरने आपल्याच जुन्या गिटारचं नाव स्वतःच्या नव्या गिटारला देऊ नये असं फेंडरचं म्हणणं! कायद्याने त्यांचं बरोबरच असेल. लिओने याही वेळी भांडण केलं नाही. गिटारचं नाव बदलून अ‍ॅसॅट केलं आणि टेबलाकडे परत गेला.

१९८६ मध्ये जॉर्जने आपला हिस्सा विकला, तरी सल्ला द्यायला येत राहिला. जी अँड एलचा अर्थ आता लोक गिटार्स बाय लिओ असा लावू लागले. लिओला कंपवात झाला होता, तेच पार्किन्सन. बारीक तारांचं काम करणाऱ्याला याहून वाईट दुखणं कोणतं असणार? तरी तो येतच राहिला. हाताने होईना ते दुसऱ्याकडून करवून घ्यायचा.

२१ मार्च १९९१ रोजी तो गेला, वयाच्या ८१ व्या वर्षी. आदल्या दिवशीसुद्धा कारखान्यात जाऊन आला होता. त्याच वर्षी कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे ज्या संगीताची त्याला स्वतःला फारशी गोडी नव्हती त्याच्या सन्मानगृहात, त्याचं नाव घेतलं गेलं. फेंडर अ‍ॅव्हेन्यूवरच्या कारखान्यात त्याची कामाची खोली नव्या मालकांनी पुढे अनेक वर्षं तशीच ठेवली होती. टेबलावर त्याची हत्यारं आणि अर्धवट राहिलेलं काम होतं.